रकान्यात न मावणारे ज्ञान

पुणे-सोलापूर महामार्गावरचे कुरकुंभ हे फिरंगाई देवीचे गाव. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे अधिक ओळखले जाते. तिथल्या कारखान्यांत औषधांना लागणारी रसायने तयार होतात. भोवतालच्या दौंडच्या माळावर तरवड, रुई, टाकळा उगवतो, लिंबावर गुळवेल चढते. अशाच माळांवरून जडीबुटीची झोळी घेऊन वैदू गावोगाव फिरत आले. वनौषधींवरच्या आपल्या संशोधनात मात्र हा प्रदेश क्वचितच भेटतो. अभ्यासक बहुधा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकरांकडे वळतात. वैदू पडला भटक्या जमातींच्या यादीत. ‘आदिवासी वैद्यक’ या शीर्षकाखाली त्याला जागाच नाही.

पण ज्यांची नोंद होते, त्यांचे तरी काय होते? अशा लेखांचा गाभा म्हणजे चार रकान्यांचा तक्ता : शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, उपयोगी भाग, आजार. ‘गुळवेल, खोड, ताप’ एवढ्यावर काम संपते. कोणत्या झाडावरची वेल घ्यायची, किती दिवस द्यायची, कोणाला अजिबात द्यायची नाही, हे त्यात येत नाही. ज्ञान असते ते नेमके तिथे. कोरोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शंका घेतली. खरे-खोटे काहीही असो, वाद अखेर वेल ओळखण्यापाशी आला. ती ओळख हेच वैदूचे भांडवल, आणि तक्त्यात नेमका त्यालाच रकाना नाही.

दुसरी गळती आहे माणसाच्या नावाची. याबाबतीत सतराव्या शतकातला एक ग्रंथ आपल्यापुढे आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत निघाला. त्यात इट्टी अच्युदन या वैद्याची आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी वैद्यांची नावानिशी साक्ष छापलेली आहे. कोकणी साक्ष तर नागरी लिपीत आहे. ग्रंथ वसाहतवाल्याचा, त्यामागे व्यापाराचा हेतू होता. तरीही माहिती कोणाची, हे त्याने लपवले नाही. आपल्या तक्त्यांत मात्र सांगणारा ‘स्थानिक माहितगार’ म्हणून विरून जातो.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. हळदीवरचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झाले ते लेखी पुराव्यांच्या बळावर. त्यानंतर 2001 मध्ये उभारायला घेतलेले पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर आधारले आहे. जे पोथीत नाही, ते त्याच्या कक्षेबाहेर राहते. उलट केरळच्या काणी लोकांचे उदाहरण पाहावे. 1987 मध्ये त्यांच्या वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी वनस्पती दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध झाले आणि परवाना शुल्क व स्वामित्वधनाचा निम्मा वाटा काणींसाठी ठरला. हे घडू शकले, कारण ज्ञान कोणाचे हे ठाऊक होते.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षिली आहे. तिच्यात पाचवा रकाना हवा : सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने. ‘औषध बोलून दाखवले की गुण जातो’ असे मानणारा कोणी नकार देईल, तर तो नकारही सन्मानाने नोंदवावा.

बाजारात जाणाऱ्या प्रत्येक औषधावर उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. नाव नसलेले औषध आपण घेणार नाही. शेजारच्या माळावरच्या ज्ञानाला मात्र आपल्या संशोधनाने बिननावाचेच ठेवले आहे.