'तिऱ्हाईत' कोण? : मोटार-विमापत्रातील एका संज्ञेचा विचार

कायद्याची भाषा हा साहित्यसमीक्षेचा विषय नव्हे, असा एक समज मराठी अभ्यासकांत रूढ आहे. तो सर्वस्वी खरा नाही. ज्या लेखनातील एका विशेषणावरून एखाद्या कुटुंबास भरपाई मिळते किंवा नाकारली जाते, ते लेखन कसे वाचावे हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाही असतो. मोटारगाडीच्या विमापत्रातील 'थर्ड पार्टी' ही संज्ञा ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होय. मुंबई-अहमदाबाद महामार्ग ज्या वसई तालुक्यातून जातो तेथील सातिवली, पेल्हार, विरार फाटा, शिरसाड ह्या भागांत ही संज्ञा ठाऊक नसलेला वाहनधारक सापडणे कठीण. परंतु तिचा अर्थ विचारला असता उत्तर बहुधा एकच येते: थर्ड पार्टी म्हणजे 'समोरचा'. हा 'समोरचा' कायद्यातील तृतीय पक्षाहून किती भिन्न आहे हे पाहू गेल्यास संज्ञेतील सारा गुंता उकलू लागतो.

मराठीत ह्या संज्ञेचे तीन पर्याय वावरतात: 'तृतीय पक्ष', 'त्रयस्थ पक्ष' आणि बोलीतील 'तिऱ्हाईत'. पैकी पहिला शब्दशः बरोबर असून अर्थदृष्ट्या मुका आहे. विमा घेणारा पहिला, विमा देणारी कंपनी दुसरी, आणि करारात नसलेला तो तिसरा, ही मोजणी त्यात आहे. पण ती मोजणी ठाऊक नसलेल्यास तो काहीच सांगत नाही. 'त्रयस्थ' हा पर्याय तर उघडपणे दिशाभूल करणारा आहे. मराठीत त्रयस्थ म्हणजे वादाशी संबंध नसलेला, निःपक्षपाती, दुरून पाहणारा. अपघातात ज्याचा पाय गेला तो दुरून पाहणारा खचित नव्हे. त्या प्रसंगात सर्वांत अधिक हितसंबंध त्याचाच असतो. उरला 'तिऱ्हाईत'. 'त्रि' हे मूळ त्यातही आहे. परंतु वापरात त्याला 'परका', 'ओळखीपाळखीचा नसलेला' अशी छटा चढली आहे. येथेच खरी अडचण उद्भवते. आपल्याच गाडीत बसवलेला शेजारी, दुचाकीवर मागे बसलेली बहीण, टेंपोत चढवलेला मजूर ह्यांना मराठी माणूस तिऱ्हाईत म्हणणार नाही. म्हणूनच ते ह्या विम्यात येतात की नाही हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवतही नाही. कायद्याच्या अधिकृत हिंदी पाठातील 'पर-व्यक्ति' हा शब्दही ह्याच वाटेने जातो.

संज्ञेचा जन्म ज्या गरजेतून झाला ती ध्यानात घेतली म्हणजे तिची व्याप्ती स्पष्ट होते. कराराचा सामान्य नियम असा की, जो करारात नाही त्यास करारावर हक्क सांगता येत नाही. गाडीच्या मालकाने विमा उतरविलेला असला तरी तो मालक व कंपनी ह्यांच्यातील व्यवहार. रस्त्यावरील जखमीस त्यात स्थान नाही. मालक दिवाळखोर झाला तर विम्याची रक्कम त्याच्या इतर सावकारांत वाटली जावी आणि जखमीच्या हाती काही लागू नये, असे इंग्लंडात घडत असे. १९३० साली तेथे दोन कायदे झाले: एकाने वाहनाचा विमा सक्तीचा केला, दुसऱ्याने जखमीस विमा कंपनीविरुद्ध थेट हक्क दिला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाचे आठवे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले आणि हीच सक्ती येथे आली. न्यायालयाचा निवाडा मालकाविरुद्ध झाला तरी कंपनीने तो जणू स्वतःविरुद्धच झाला आहे असे समजून पैसे द्यावेत, हा त्याचा गाभा. म्हणजे हा विमा मालक विकत घेतो, पण तो असतो दुसऱ्याचा. स्वतःच्या गाडीस पोचा पडला तर त्यातून छदामही मिळत नाही म्हणून कुरकुरणारा मालक विम्यावर नव्हे, संज्ञेवर रागावलेला असतो.

ही संज्ञा सक्तीची करूनही कायद्याने तिची व्याख्या केली नाही. 'तृतीय पक्षात शासनाचा समावेश होतो' एवढेच एक वाक्य दीर्घकाळ व्याख्येच्या जागी उभे होते. व्याख्येने कोण येतो हे सांगण्याऐवजी एका अनपेक्षित पाहुण्याचे नाव तेवढे घ्यावे, हा प्रकार कोणत्याही कोशकारास खटकेल. पोकळी राहिली ती न्यायालयांनी भरली, आणि ती भरताना दोन भिन्न वाचनपद्धती दिसून आल्या.

पहिली पद्धत अक्षरनिष्ठ. १९६० च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्यास जाणाऱ्या एका खाजगी मोटारीस अपघात होऊन आतील प्रवासी मरण पावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७७ साली निर्णय आला. गाडीच्या मालकावर जबाबदारी आली; परंतु कायद्यातील परंतुकानुसार भाडे न देता बसलेल्या प्रवाशाची जोखीम सक्तीच्या विम्यात येत नाही, असे ठरले. कंपनीवर आला तो केवळ विमापत्रात स्वतंत्रपणे मान्य केलेल्या १५,००० रुपयांचा बोजा. ज्याचा मृत्यू झाला तो करारात नव्हता, म्हणजे मोजणीने तिसराच होता. तरीही तो 'तृतीय पक्ष' ठरला नाही. शब्दाची मोजणी आणि शब्दाचा अर्थ ह्यांची फारकत येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. त्यानंतर १९७८ साली दरनिश्चिती समितीने खाजगी गाडीच्या सर्वंकष विमापत्रात आतील प्रवाशांचा समावेश करण्यास कंपन्यांना सांगितले, हे त्या निर्णयाचे अप्रत्यक्ष फळ म्हणता येईल.

दुसरी पद्धत १९८१ च्या एका निर्णयात आढळते, आणि ती वाचनकलेचा उत्तम नमुना आहे. अहमदाबादेस एका मालमोटारीची रिक्षाशी टक्कर झाली होती. मालमोटारीच्या बाबतीत 'कोणत्याही एका अपघातापुरती' विमा कंपनीची जबाबदारी 'एकूण वीस हजार रुपये' अशी मर्यादा त्या वेळी होती. बळी अनेक असले तरी टक्कर एक, म्हणून सर्वांस मिळून वीस हजार, हा वरवर सरळ दिसणारा अर्थ. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांनी विचारले की, अपघात एक की अनेक हे कोणाच्या दृष्टीने ठरवावयाचे? रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने टक्कर एक असेल. पण ज्यास इजा झाली त्याच्या दृष्टीने तो त्याचा स्वतःचा अपघात असतो. शब्दप्रयोगास दोन अर्थ संभवतात, तेव्हा कायद्याच्या हेतूशी जुळणारा घ्यावा, असे ठरवून त्यांनी मर्यादा प्रत्येक बळीस स्वतंत्रपणे लागू केली आणि न्यायालयाचा १९७१ चा विरुद्ध निर्णय बाजूस सारला. 'अपघात' हे नाम मोजण्याजोगे आहे, पण मोजणारा कोठे उभा आहे त्यावर त्याचे वचन अवलंबून असते. व्याकरणाचे हे सूक्ष्म निरीक्षण एखाद्या न्यायपत्रात सापडावे ह्याचे साहित्याच्या अभ्यासकास कौतुक वाटले पाहिजे.

१९८८ च्या नव्या अधिनियमाने जुने परंतुक गाळले आणि 'कोणत्याही व्यक्तीचा मृत्यू वा शारीरिक इजा' असे व्यापक शब्द ठेवले. मृत्यू व इजा ह्यांबाबत रकमेची मर्यादाही उरली नाही. मालमत्तेच्या नुकसानीस मात्र ६,००० रुपयांची सीमा कायद्यात राहिली. 'कोणतीही व्यक्ती' म्हणजे गाडीतील प्रवासीही, असे वाचन प्रथम झाले. परंतु १९९४ च्या दुरुस्तीने त्या शब्दांपुढे 'वाहनातून नेला जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी ह्यांसह' अशी पुस्ती जोडली, आणि ह्या पुस्तीनेच घात केला. 'कोणतीही व्यक्ती' ह्यात सर्वच येत असतील तर मालाच्या मालकाचे नाव वेगळे घेण्याचे प्रयोजन काय? ज्याअर्थी घेतले, त्याअर्थी मालवाहू गाडीतील इतर फुकट प्रवासी पूर्वी आत नव्हते व आताही नाहीत, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या डिसेंबरात काढला. 'सह' हे अव्यय भर घालण्यासाठी असते. येथे ते कुंपणाचे काम करू लागले. तर्क निर्दोष आहे, ह्यात शंका नाही. पण शब्द वाढविल्याने अर्थ आकुंचित व्हावा, हे लेखनाचे अपयश होय. आणि त्या अपयशाची किंमत मसुदा लिहिणाऱ्यास पडत नाही.

वसईच्या परिस्थितीत ही किंमत कोणास पडते, ते कल्पून पाहावे. अर्नाळ्याची एखादी कोळीण मासळीच्या टोपल्यांसह टेंपोत बसून बाजारास निघाली, तर ती मालाची मालक. तिची जोखीम विम्यात येते. मासळी विकून रिकाम्या टोपल्यांसह त्याच टेंपोने ती परतली, तर ती मालाची मालक उरली काय? वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या टेंपोत गाडीमालकाचाच पगारी मजूर असेल तर कामगार-भरपाईच्या कायद्यापुरते त्याला संरक्षण आहे. पण बस चुकली म्हणून ओळखीने चढलेला त्याचा सोबती त्याच फळीवर बसूनही कायद्याच्या दृष्टीने कोठेच नाही. फळी एक, धक्का एक, आणि वाचन दोन.

दुचाकीच्या मागे बसणाऱ्याचे प्रकरण ह्याहून व्यापक आहे, कारण ते घरोघरचे आहे. केवळ कायद्यापुरत्या विम्यात मागे बसणारा येत नाही, हे २००६ च्या निर्णयाने निश्चित झाले. विम्याच्या दोन प्रकारांतील शब्दरचना येथे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. २००२ च्या दरपत्रकानुसार सर्वंकष विमापत्रात खाजगी गाडीपुरते 'भाडे न घेता नेलेल्या आतील व्यक्तींसह कोणतीही व्यक्ती' असे म्हटले आहे. केवळ दायित्वाच्या विमापत्रात मात्र कंपनीची जबाबदारी 'मोटार वाहन अधिनियमाच्या गरजा भागविण्यासाठी आवश्यक असेल तेवढीच' एवढेच शब्द येतात. पहिले वाक्य वाचकास उत्तर देते. दुसरे त्याला दुसऱ्या ग्रंथाकडे पाठविते, आणि तो ग्रंथ समजण्यासाठी पन्नास वर्षांचे निवाडे वाचावे लागतात. सर्वंकष विमापत्रात गाडीतील प्रवासी व दुचाकीवरील मागचा स्वार ह्यांचा अंतर्भाव होतो, असा खुलासा विमा नियामकास २००९ च्या नोव्हेंबरात परिपत्रकाने करावा लागला आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. खुलाशाची गरज पडावी, ह्यातच मूळ लेखनाचे परीक्षण आले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी ह्याच महामार्गावर, पालघर जिल्ह्यातील चारोटीनजीक, उद्योगपती सायरस मिस्त्री मागील आसनावर असताना अपघातात मरण पावले. त्यानंतर लोकचर्चा झाली ती प्रामुख्याने मागील आसनाच्या पट्ट्याची; मागील आसनावरील माणूस विमापत्राच्या भाषेत कोण असतो, हा प्रश्न पट्ट्याइतका सोपा नसल्यामुळे मागे पडला असावा.

उसन्या वाहनाविषयी थोडक्यात सांगता येईल. भावाची मोटारसायकल घेऊन निघालेला माणूस स्वतःच घसरून मेला, तर तो मालकाच्या जागी उभा राहिला असे २००९ साली ठरले. अर्थात तो तिसरा नसून पहिलाच झाला. मालकाची स्वतःची जोखीम वेगळ्या वैयक्तिक अपघात-संरक्षणात येते. हे संरक्षण २०१८ पासून १५ लाखांचे झाले आहे, आणि त्याचा तृतीय पक्षाशी संबंध नाही.

परवान्याच्या प्रश्नावर न्यायालयांचे वाचन अधिक उदार झाले आहे. चालकाचा परवाना सदोष असला तरी मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे, आणि योग्य प्रकरणी कंपनीने आधी जखमीस पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करावेत, हे २००४ चे तत्त्व होय. हलक्या वाहनाचा परवाना असणारा ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, असा निर्वाळा ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने दिल्यामुळे लहान टेंपोच्या अपघातांतील एक जुना वाद मिटला.

राहता राहिली ती व्याख्या. २०१९ च्या दुरुस्तीने विम्याचे प्रकरण नव्याने लिहिले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. दोष सिद्ध न करता मृत्यूस ५ लाख व गंभीर इजेस अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद त्यात आहे. तृतीय पक्षात शासनासह 'परिवहन वाहनावरील चालक व अन्य सहकामगार' ह्यांचाही समावेश झाला आहे. वालीवच्या टेंपोवरील मजुरास ह्यामुळे नाव मिळाले. परंतु व्याख्येची रीत जुनीच राहिली. तृतीय पक्ष म्हणजे कोण हे अद्याप सांगितलेले नाही; आणखी दोन पाहुण्यांची नावे तेवढी यादीत चढली आहेत. दायित्वाच्या तरतुदीत 'कोणतीही व्यक्ती' आणि तिच्यामागचे ते 'सह' दोन्ही जसेच्या तसे आहेत; आणि दुचाकीवर मागे बसलेल्या बहिणीचे नाव दोहोंपैकी कोणत्याही यादीत नाही.