क्लाइडची जहाजे आणि त्यांची वाणी

ग्रिनिच येथे कोरड्या गोदीत जतन करून ठेवलेले 'कटी सार्क' हे शिडाचे जहाज लंडनचे भूषण म्हणून दाखविले जाते. पण ते बांधले गेले १८६९ साली, स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी असलेल्या डंबार्टन ह्या गावी. त्याचे नावही स्कॉट्स भाषेतलेच. 'कटी' म्हणजे आखूड आणि 'सार्क' म्हणजे आतून घालावयाचा झगा. १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट बर्न्सच्या 'टॅम ओ' शँटर' ह्या कथाकाव्यात एक तरुण चेटकीण असा झगा घालून नाचते; जहाजाच्या नाळेवरील मूर्ती तिचीच आहे. ज्या जिभांवर हे नाव रुळले आहे त्यांपैकी बहुतेकांना आपण एका स्वतंत्र भाषेतला शब्द उच्चारीत आहोत ह्याची जाणीव नसते. क्लाइडच्या नौकापरंपरेविषयी जे ललित वाङ्मय निर्माण झाले त्यातही त्या काठच्या भाषांची अवस्था बरीचशी अशीच आहे. त्या वाङ्मयातील तीन कृती घेऊन, त्यांत बोलण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि कोणत्या भाषेत मिळाला, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

प्रथम नदीविषयी थोडे सांगितले पाहिजे. क्लाइड ही निसर्गतः जहाजांची नदी नव्हे. अठराव्या शतकात ग्लासगोपाशी ती इतकी उथळ होती की ओहोटीच्या वेळी ती पायी ओलांडता येई. म्हणून तर १६६८ मध्ये ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी खाली, मुखाच्या बाजूस, पोर्ट ग्लासगो हे वेगळे बंदर वसविले. १७७०च्या दशकात जॉन गोलबोर्न ह्या अभियंत्याने काठापासून आत दगडी बांध घालून पात्र अरुंद केले आणि प्रवाहालाच तळ खरवडून काढावयास लावले. ग्लासगोने क्लाइड घडविली व क्लाइडने ग्लासगो, अशी तेथे म्हण आहे. तिच्या पूर्वार्धात अतिशयोक्ती मुळीच नाही. १८१२ मध्ये हेन्री बेल ह्याची 'कॉमेट' ही आगबोट पोर्ट ग्लासगो येथे बांधली गेली. पुढे शंभर वर्षांनी, १९१३ च्या सुमारास, जगात पाण्यात उतरणाऱ्या एकूण टनभारापैकी सुमारे एक-पंचमांश टनभार ह्या एका नदीवर निर्माण होत होता. ह्या कामासाठी माणसे आली ती सखल प्रदेशातून स्कॉट्स बोलत, डोंगराळ प्रदेशातून व बेटांवरून गेलिक बोलत, आणि आयर्लंडमधून. मालकवर्गाची व हिशेबाची भाषा मात्र प्रमाण इंग्रजी. ग्लासगोच्या आर्गाइल रस्त्यावरील रेल्वेपुलाला 'डोंगरी माणसाची छत्री' असे विनोदी नाव पडले, कारण पावसात गेलिक मंडळी त्याच्या आडोशाला भेटत असत.

पहिली कृती रडयर्ड किपलिंगची. 'मॅक्अँड्रूज हिम' हे दीर्घ स्वगत १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रवासी आगबोटीचा वृद्ध स्कॉटिश मुख्य इंजिनियर रात्रीच्या पहाऱ्यावर परमेश्वराशी बोलत आहे, अशी त्याची योजना आहे. कॅल्व्हिनपंथी श्रद्धा आणि वाफेचे यंत्र ह्यांचा जो सांधा किपलिंगने येथे जुळविला तो थोर प्रतिभेचा आहे: यंत्राच्या दांड्यांच्या ठरलेल्या गतीत मॅक्अँड्रूला ईश्वरी पूर्वनियतीचे रूप दिसते. (मुंबईत जन्मलेल्या ह्या कवीने आपल्या नायकाच्या तारुण्यातील पापस्थानांत ग्रँट रोडचाही समावेश केला आहे, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.) वाफेचे गाणे गाणारा एखादा बर्न्स पाहिजे, अशी इच्छा मॅक्अँड्रू व्यक्त करतो. ही मागणी भाषेच्या दृष्टीने फार मोठी आहे, आणि ती किपलिंगला पुरी करता आलेली नाही. त्याची स्कॉट्स ही बहुतांशी लोपचिन्हांची भाषा आहे. इंग्रजी शब्दाचे शेवटचे व्यंजन काढावयाचे व तेथे चिन्ह ठेवावयाचे, म्हणजे स्कॉट्स झाली, असा हा संकेत. त्याचा दोष असा की जेथे काहीही गळालेले नाही तेथे काही तरी गळाले आहे असे तो वाचकाला सांगतो. इंग्रजी 'ऑल'च्या जागी स्कॉट्समध्ये लकाररहित रूप येते ते बोलणाऱ्याच्या आळसामुळे नव्हे. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्या भाषेत लकाराचे स्वरीकरण झाले त्याचा तो नियमित परिणाम आहे. एडिंबरोच्या कवींनी १९४७ साली स्कॉट्स लेखनाचे जे नियम केले त्यांत ही क्षमायाचक चिन्हे टाकून द्यावीत असे ठरले, ते योग्यच झाले. मॅक्अँड्रूचे यंत्रज्ञान अस्सल आहे, त्याची श्रद्धा अस्सल आहे. जीभ मात्र उसनी आहे.

नील मन्रो ह्याची गोष्ट निराळी. तो इन्व्हरेरीचा, गेलिक जाणणारा. १९०५ पासून ग्लासगोच्या 'ईव्हनिंग न्यूज' पत्रात त्याने 'व्हायटल स्पार्क' ह्या छोट्या मालवाहू आगबोटीच्या कथा लिहिल्या. १९०६ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले. ह्या जातीच्या बोटींना 'पफर' म्हणत, कारण आरंभीच्या बोटींत वाफ थंड करून परत पाणी करण्याची सोय नसे व ती धुरांड्यातून फुस्-फुस् बाहेर पडे. फोर्थ-क्लाइड कालव्याच्या पाणदारांतून जाता यावे म्हणून लांबी सहासष्ट फुटांच्या आत, आणि जेथे धक्का नाही तेथे ओहोटीला वाळूवर बसवून माल उतरविता यावा म्हणून तळ सपाट. कोळसा घेऊन बेटांवर जावयाचे, परत येताना मिळेल तो माल आणावयाचा, हा ह्या बोटींचा व्यवसाय.

एवढ्याशा बोटीवर मन्रोने तीन बोली एकत्र आणल्या आहेत. कप्तान पॅरा हँडी व त्याचा मेट डूगी हे डोंगरी. इंजिनियर मॅक्फेल हा सखल प्रदेशातला, स्वस्त कादंबऱ्यांत बुडालेला. आणि पुढे येणारा सनी जिम हा ग्लासगोचा नागर पोरगा. कप्तानाच्या इंग्रजीत 'जस्ट'चे 'चस्ट' होते, व-काराच्या जागी फ-कार येतो. ग्लासगोचा वाचक ह्याला हसला आणि अजूनही हसतो. पण हे रूप मन्रोने कानाने टिपलेले आहे. गेलिकमधील स्पर्शवर्णांचा भेद घोष-अघोष असा नसून अल्पप्राण-महाप्राण असा आहे. तेथे जे 'ब, द, ग' म्हणून लिहिले जाते त्याचा उच्चार आपल्या 'प, त, क' ह्यांच्या जवळचा, आणि जे 'प, त, क' म्हणून लिहिले जाते ते महाप्राण. अशा माणसाने इंग्रजी शब्द उच्चारला की इंग्रजी कानाला त्यात चूक ऐकू येते. घोषत्व व प्राणत्व ही दोन्ही वेगळी ओळखणाऱ्या मराठी कानाला मात्र तेथे दुसऱ्या एका व्यवस्थेची शिस्त ऐकू यावयास हरकत नाही. नायकाचे नावदेखील असेच. इंग्रजी वाचक 'हँडी' म्हणजे कामाचा, हुशार असे समजतो. मूळ गेलिकमध्ये ते 'सँडीचा पीटर' आहे, आणि षष्ठीत आद्य स-काराचा ह-कार होण्याच्या नियमाने सँडीचे हँडी झाले आहे. गेलिक न जाणणाऱ्याने हे नाव योजिले नसते.

तथापि मन्रोलाही ह्या भाषेची पूर्ण जबाबदारी घ्यावीशी वाटली नाही. 'जॉन स्प्लेंडिड' सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्याने स्वतःच्या नावाने लिहिल्या; पॅरा हँडीच्या कथांवर मात्र ह्यू फाउलिस हे टोपणनाव घातले. कथांचा निवेदक प्रमाण इंग्रजी लिहिणारा नगरवासी आहे. सुदैवाने तो फार काळ मध्ये उभा राहत नाही. कप्तान एकदा सांगू लागला म्हणजे निवेदक श्रोता होतो, आणि आपल्या कोळशाने काळवंडलेल्या बोटीचे वर्णन तो एखाद्या राजनौकेप्रमाणे करतो तेव्हा त्यातील बढाई व त्यातील प्रेम ही दोन्ही त्याच्याच भाषेत ऐकू येतात. तिन्ही कृतींत भाषेच्या बाबतीत सर्वांत प्रामाणिक कृती मला हीच वाटते, आणि समीक्षकांनी तिला 'केवळ विनोदी' ठरवून बाजूस सारले हे अन्यायाचे आहे.

मॅक्अँड्रू आणि पॅरा हँडी हे दोघेही जहाज चालविणारे. जहाज बांधणाऱ्याला नायकत्व मिळाले ते जॉर्ज ब्लेक ह्याच्या 'द शिपबिल्डर्स' ह्या १९३५ च्या कादंबरीत. ब्लेक हा ग्रीनॉकचा, म्हणजे नदीकाठचाच. क्लाइडवर तो काळ भीषण मंदीचा होता. क्लाइडबँक येथे '५३४' ह्या क्रमांकाने ओळखला जाणारा 'क्वीन मेरी'चा सांगाडा डिसेंबर १९३१ पासून एप्रिल १९३४ पर्यंत तसाच गंजत उभा होता. कादंबरीत लेस्ली पेगन हा कारखानदार आहे व डॅनी शील्ड्स हा रिव्हेट ठोकणारा कामगार. युद्धात डॅनी त्याचा सेवक होता. कारखान्याचे शेवटचे जहाज पाण्यात उतरते आणि दोघांचीही आयुष्ये उसवू लागतात. लेस्ली त्या जहाजावरून नदी उतरून जातो व दोन्ही काठांवरील निःशब्द कारखाने एकामागून एक मागे पडतात, ते प्रकरण ह्या कादंबरीचे शिखर होय. कारखान्यांची नुसती नामावळी येथे शोकगीताची उंची गाठते.

परंतु हे दर्शन जहाजाच्या डेकवरून घडते आणि पाहणारा मालक आहे. डॅनीला ब्लेकने ग्लासगोची बोली दिली ती अवतरणचिन्हांच्या आत. डॅनीच्या मनात शिरावयाचे झाले की निवेदन प्रमाण इंग्रजीत जाते. म्हणजे तो बोलतो आपल्या भाषेत, पण त्याने विचार करावयाचा लेस्लीच्या भाषेत. कोणी म्हणेल की वर्गभेद हाच कादंबरीचा विषय असल्याने भाषाभेद हे त्याचे यथार्थ चित्रण आहे. हे समर्थन संवादांपुरते मान्य करता येईल. निवेदनाला ते लागू पडत नाही. एकच वर्ष आधी, १९३४ मध्ये, लुईस ग्रासिक गिबनने 'ग्रे ग्रॅनाइट' ह्या कादंबरीत औद्योगिक शहराचे निवेदन स्कॉट्सच्या लयीत करून दाखविले होते. वाट उपलब्ध होती. ब्लेक तिकडे वळला नाही. शेवटी लेस्ली इंग्लंडमध्ये जावयास निघतो व डॅनीलाही बरोबर बोलावतो, तेव्हा डॅनी नकार देतो. ह्या नकारामागचे सर्व बळ त्याच्या भाषेत असावयास हवे होते. ते निवेदकाच्या सहानुभूतीत राहिले आहे.

शिवाय डॅनीचे काम आपल्याला दिसते तरी किती? मद्यालय, फुटबॉलचा सामना, घरातील कुरबुरी ही सर्व येतात. रिव्हेटचे काम म्हणजे एका टोळीचे काम होते: पोऱ्याने भट्टीत रिव्हेट लाल करावयाची व फेकावयाची, दुसऱ्याने ती झेलून भोकात बसवावयाची, एकाने आतून जड हातोडा टेकवून धरावयाचा, आणि बाहेरून दोघांनी, एक उजवा व एक डावखुरा, आळीपाळीने घाव घालावयाचे. गोंगाट असा की पुष्कळांना अकाली बहिरेपण येई. जेथे शब्द ऐकूच येत नाही तेथे खूण, लय आणि सवय ह्यांचे एक व्याकरण तयार होते. भाषाभ्यासकाला ह्याहून आकर्षक विषय क्वचितच मिळेल. ह्या कामाकडे आस्थेने पाहिले ते एका इंग्रज चित्रकाराने. स्टॅन्ली स्पेन्सर ह्याने दुसऱ्या महायुद्धात पोर्ट ग्लासगोच्या कारखान्यात बसून जी चित्रमाला काढली तिच्यातील चित्रांची नावेच 'रिव्हेटर्स', 'वेल्डर्स', 'बर्नर्स' अशी आहेत. पण चित्र मुके असते.

कामगाराची वाणी प्रथम सर्वत्र ऐकू गेली ती वाङ्मयाबाहेर. १९७१ मध्ये अपर क्लाइड शिपबिल्डर्स ही संस्था बुडू लागली तेव्हा कामगारांनी संप न करता कारखाने ताब्यात घेऊन काम चालू ठेवले, आणि त्यांचा पुढारी जिमी रीड दूरचित्रवाणीवरून बोलू लागला. त्याच्या भाषणातील मद्यपानाला उद्देशून आलेला 'बेव्हिइंग' हा ग्लासगोच्या रोजच्या बोलण्यातला शब्द देशभर पोचला. त्याला लोपचिन्ह लागत नव्हते व अवतरणही लागत नव्हते. त्यानंतर, १९९४ मध्ये, जेम्स केल्मनच्या 'हाउ लेट इट वॉज, हाउ लेट' ह्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. तीत ग्लासगोची बोली संवादातून निवेदनात उतरली आहे आणि दोहोंमधली भिंत काढून टाकलेली आहे. ब्लेकला जे साधले नाही ते येथे साधले, असे निःसंकोच म्हणता येईल. मात्र तिचा नायक जहाजे बांधणारा नाही, आणि तोपर्यंत नदीकाठचे बहुतेक कारखाने बंद झाले होते; आज गोव्हन व स्कॉट्सटन येथे युद्धनौका आणि पोर्ट ग्लासगो येथे प्रामुख्याने प्रवासी नावा बांधल्या जातात, एवढेच.