सार्वजनिक संग्रह बदलापूरपर्यंत यायला हवा

संग्रहालय स्वतःच्याच भांडारातली चित्रं बाहेर काढून प्रदर्शन भरवतं, तेव्हा ते लोकांना आपला हिशेब देत असतं. बाहेरून मागवलेल्या प्रदर्शनाचा गाजावाजा होतो, रांगा लागतात. पण संस्थेची नजर कळते ती घरच्या चित्रांतूनच. कोणत्या काळात कुणाची चित्रं घेतली, कुणाला वगळलं, स्त्री चित्रकार किती, कॅनव्हासच्या पलीकडे काय जमवलं, हे सगळं तिथे उघड होतं. म्हणून आधुनिक कलेची आपल्याकडची स्थिती तपासायची असेल, तर मुंबईतल्या मोठ्या संग्रहांनी आपापला ठेवा कसा दाखवला, तिथूनच सुरुवात करावी लागते.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथे चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या कामाचं ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे प्रदर्शन भरलं. उद्घाटनाच्या भाषणात अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी एक प्रश्न मांडला. स्थानिक सल्लागार समिती उरली नाही आणि घुमटाखालचं दालन सोडलं तर बाकीची दालनं संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहाला द्यायचं ठरलं, हे कसं, असं ते विचारत होते. बोलताना त्यांना अडवण्यात आलं आणि त्या प्रसंगाची चर्चा देशभर झाली. चर्चेचा भर भाषणस्वातंत्र्यावर राहिला आणि ते योग्यच होतं. पण मूळ मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. स्वतःचा संग्रह दाखवण्यात काहीच गैर नाही. मात्र निवड कोण करणार, कशाच्या आधारावर करणार आणि स्थानिक चित्रकार-अभ्यासकांचं त्यात काही चालणार की नाही, हे ठरवल्याशिवाय तसं प्रदर्शन म्हणजे गोदामाची आवराआवर ठरते.

याच्या उलट उदाहरण जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं. कापसाच्या व्यापारातल्या या गृहस्थांनी १९६८ मध्ये शरद वायकूळ यांचं एक चित्र विकत घेतलं आणि पुढची तीन दशकं ते चित्रं घेतच राहिले. त्यांच्या पश्चात सुमारे ८०० कलाकृतींच्या या संग्रहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जागा मिळाली. २०११ मध्ये तिथलं दालन उघडलं. संग्रह तोच, पण दर वेळी प्रश्न नवा, या पद्धतीनं तिथे प्रदर्शनं होत आली. कधी मुंबईच्या चित्रकारांचा प्रवास, तर कधी एकाच चित्रकाराचं काम. आठशे कलाकृती पुरतात, विचार हवा, एवढं तरी या दालनानं सिद्ध केलं.

तिसरा मोठा ठेवा एअर इंडियाचा. १९५६ मध्ये बी. प्रभा यांच्या चित्रांपासून सुरू झालेली ही खरेदी पुढे हजारोंच्या घरात गेली. विमान कंपनीचं खासगीकरण झाल्यावर २०२३ मध्ये हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आला. नागपूरकडून मुंबईत आलेल्या तरुण बी. प्रभांची चित्रं एका सरकारी कंपनीनं तेव्हा घेतली, कारण खरेदी करणाऱ्यांना आपल्या काळातल्या कलेत रस होता. आज सार्वजनिक संस्थांकडून जिवंत चित्रकारांच्या चित्रांची अशी नियमित खरेदी होताना दिसत नाही. स्थितीचं सर्वांत काळजीचं लक्षण हेच.

आता प्रत्यक्ष चित्राजवळ जाऊ. वासुदेव गायतोंडे यांचं साठोत्तरी काळातलं उभं चित्र दुरून एकरंगी वाटतं. जवळ गेलं की रोलरनं पसरलेल्या रंगाचे थर दिसू लागतात. कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचललेले, त्यांच्या कडा तशाच राहिलेल्या. काही जागी रंग खरवडून खालचा उजेड वर आणलेला. या चित्रात काय आहे असं विचारण्यापेक्षा ते कसं झालं हे पाहिलं की नवखा माणूसही तिथे दहा मिनिटं उभा राहतो. छापील पानावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर हे थर दिसत नाहीत. मूळ चित्रच पाहावं लागतं.

बरव्यांचं तसंच. पान, घड्याळ, पाकीट, पिन अशा रोजच्या वस्तू ते एनॅमल रंगात मांडतात आणि दोन वस्तूंमधली मोकळी जागाच बोलू लागते. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. कापडावरच्या नक्षीचं काम हा त्यांच्या रोजच्या दिवसाचा भाग होता. शिवाय ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक मराठीत आहे. म्हणजे चित्रकार काय विचार करत होता, हे मराठी वाचकाला कुणाच्या मध्यस्थीशिवाय वाचता येतं. जिथे घरोघरी जीन्स शिवली जाते त्या उल्हासनगरात, कापडावर नजर ठेवूनच मोठं झालेल्या मुलाला बरवे परके वाटणार नाहीत.

पण त्या मुलानं ते पाहायचं कुठे? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगरच्या पुढचं अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. मुंबईतली आधुनिक कलेची महत्त्वाची दालनं त्या टर्मिनसच्याही पलीकडे फोर्टात आहेत. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि इतर दिवशी संध्याकाळी सहाला दारं मिटतात. लोकलनं नोकरीला जाणारा माणूस सुटतो तेव्हा संग्रहालय मिटलेलं असतं. रविवारी मेगाब्लॉक असतो. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून नऊ लाखांहून अधिक लोक राहतात. त्यानंतर वस्ती वाढतच गेली आहे. इतक्या लोकांसाठी आधुनिक कलेचं एकही सार्वजनिक संग्रहालय या पट्ट्यात नाही.

ही कला या गावांची नाही, असं तर अजिबात नाही. उल्हासनगर वसलं ते फाळणीतून. लष्कराच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या नगराची पायाभरणी झाली. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेतही तीच जखम आहे. तय्यब मेहतांनी १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवर डोळ्यांदेखत एका माणसाला ठार होताना पाहिलं. त्यांच्या कोसळत्या आकृत्यांमागे ती आठवण आहे. कृष्ण खन्ना लाहोर सोडून आले. नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ मधला, कराचीचा. मंटोंच्या कथेवरून नाव घेतलेल्या १९९८ च्या त्यांच्या मांडणशिल्पात पत्र्याच्या ट्रंकांमध्ये टीव्हीचे पडदे ठेवलेले होते. ते मुंबईत मांडलं गेलं तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये. उल्हासनगरच्या कॅम्पांत अजूनही माळ्यावर तशा ट्रंका असतील. त्या घरांतल्या आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी मिळून ही कलाकृती पाहावी, याहून योग्य प्रेक्षक तिला कुठे मिळणार?

अंबरनाथचा तर कलाशिक्षणाशी जुना संबंध आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या तिथल्या शिवमंदिरावर १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतली मंडळी सरकारी आदेशानं आली. मोजमापं घेतली, रेखाटनं केली, शिल्पांचे ठसे घेतले. या गावानं मुंबईच्या विद्यार्थ्यांचा हात घडवला आहे. आता मुंबईनं इकडे काही पाठवावं, ही मागणी हक्काची आहे.

गाव लहान, म्हणून संग्रहालय जमणार नाही, हे कारण औंधनं कधीच खोटं ठरवलं. भवानराव पंतप्रतिनिधींनी सातारा जिल्ह्यातल्या त्या छोट्या संस्थानात टेकडीवर संग्रहालय उभं केलं. तिथे रवी वर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि हेन्री मूर यांचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पही आहे. प्रवासाचं म्हणाल, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून शाळा-गावांत फिरते आहे. अडचणी खऱ्या आहेत. कोकणच्या पावसाळ्यात दमट हवा कॅनव्हासला आणि कागदाला घातक ठरते, कागदावरच्या कामाला मंद प्रकाश लागतो, विमा आणि पहारा लागतो. पण वातानुकूलित एक सभागृह, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ आणि निगराणीला प्रशिक्षित माणसं, एवढ्यानं सुरुवात नक्की होते.

सूचना सरळ आहे. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगर परिषदा यांनी मिळून एक दालन तयार करावं आणि राष्ट्रीय संग्रहालयाकडे व कला संचालनालयाकडे वर्षातून एकदा तीस-चाळीस मूळ कलाकृतींची मागणी करावी. निवडीत इथल्या चित्रकार-शिक्षकांना जागा असावी. माहितीफलक चांगल्या मराठीत आणि उल्हासनगरसाठी सिंधीतही असावेत. दालन रात्री नऊपर्यंत उघडं राहावं. पहिलं प्रदर्शन बरव्यांचं असावं. हे संग्रह जनतेच्या पैशातून किंवा जनतेसाठी जमले आहेत. ते जनतेपर्यंत पोचवणं हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे. या तीन गावांतल्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाकडे रस्ता आणि पाणी मागताना हे दालनही मागावं.