मंगळावरील कालवे आणि भाषांतरकाराची जबाबदारी

मंगळावर जीव आहे की नाही, हा प्रश्न वेधशाळेचा आहे. साहित्यसमीक्षेने त्यात पडण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नाच्या इतिहासातील एक मोठे वळण दुर्बिणीइतकेच भाषांतरानेही घडविले आहे. आणि भाषांतर हा तर समीक्षेचा हक्काचा विषय होय.

1877 साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता मिलानचे ज्योतिर्विद जिओव्हानी स्किआपारेल्ली यांना त्याच्या पृष्ठावर काही रेषा दिसल्या. त्यांना त्यांनी ‘कानाली’ म्हटले. या इटालियन शब्दात पाण्याचा नैसर्गिक मार्ग येतो, तसाच माणसाने खणलेला पाटही येतो. इंग्रजीत त्याचा ‘कॅनॉल’ झाला आणि दोन अर्थांपैकी पहिला वाटेतच गळाला. पुढे पर्सिव्हल लॉवेल यांनी 1894 मध्ये अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारली आणि कोरड्या पडत चाललेल्या ग्रहावर ध्रुवाकडचे पाणी खेळविणाऱ्या एका प्रगत समाजाचे चित्र रंगविले. याचा सारा दोष एका शब्दावर टाकणे अन्यायाचे होईल. लॉवेल यांची इच्छा बलवत्तर होतीच. शब्दाने तिला उभे राहण्यास जागा दिली, इतकेच. जुलै 1965 मध्ये मॅरिनर-4 या यानाने जवळून छायाचित्रे पाठविली, तेव्हा दिसली ती विवरे. कालवे हा दृष्टीचा भ्रम होता.

मी राहते त्या म्हैसूरच्या विजयनगरात या शब्दाचा भार चटकन ध्यानात येतो. मराठी ‘कालवा’ आणि कन्नड ‘कालुवे’ हे सख्खे शेजारी. इथल्या माणसाला ‘कालुवे’ म्हटले की कृष्णराजसागराचे धरण आणि मंड्याकडील शेतीला पाणी देणारा विश्वेश्वरय्या कालवा आठवतो. ओढा आपोआप वाहतो. कालवा कोणी तरी खणावा लागतो. ‘कालवा’ हा शब्द लिहिताक्षणीच त्यामागे कुदळ, मजूर, मोजणीदार आणि राज्य ही सारी येऊन उभी राहतात. भाषांतरकाराने एक नाम बदलले, आणि एका ग्रहावर वस्ती झाली.

आपल्या भाषेतही असे घडत आले आहे. मूळ कोचीनमध्ये निघालेल्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः येत असे. मूळ नावात केवळ पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचे अंतर होते. मराठीत आला तो ‘लोक’. जग हा त्याचा अर्थ, आणि माणसे हाही. हा दोष आहे, असे मला म्हणावयाचे नाही. कथेच्या नावात तो शोभतो, कारण वाचकाने कथा म्हणूनच ती हाती घेतलेली असते. एच. जी. वेल्स यांनी 1898 च्या कादंबरीत मंगळावरचे आक्रमक पृथ्वीवर आणले, तेही उघडपणे. कल्पनेचे स्वातंत्र्य जाहीर करून घेतलेले असते. आक्षेप आहे तो, माहिती म्हणून लिहिलेल्या वाक्यात न सांगता शिरणाऱ्या कल्पनेला.

हा आक्षेप मी प्रथम स्वतःवरच घेते. ‘लाइफ’ या इंग्रजी शब्दासाठी एका अनुवादात मी सर्वत्र ‘जीवसृष्टी’ लिहिले होते. शेजारच्या मराठी घरातील आजींनी तो वाचून विचारले, “अहो, म्हणजे तिथं झाडंबिडं आहेत की काय?” त्यांची चूक नव्हती. मूळ लेखात सूक्ष्म जीवाच्या शक्यतेचा विचार होता. मी आजींच्या हाती अख्खी सृष्टी दिली होती.

याउलट संयमाचे एक उदाहरण मराठी लेखकाशीच निगडित आहे. जयंत नारळीकर फ्रेड हॉइल यांचे शिष्य; जीवाचे बीज अंतराळातून पृथ्वीवर येत असावे, या मताचे हॉइल पुरस्कर्ते होते. नारळीकरांच्या नेतृत्वाखालील प्रयोगात एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून एक बलून सोडण्यात आला आणि 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेण्यात आले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे ‘इस्रो’ने 2009 मध्ये जाहीर केले. एकीला हॉइल यांचे नाव मिळाले, एकीला आर्यभटांचे. मात्र हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच निवेदनात होते. ज्यांना त्या उत्तराची सर्वांत अधिक आस होती, त्यांनीच ती वाक्यात शिरू दिली नाही. आपल्या कथासंग्रहास ‘यक्षांची देणगी’ असे मुक्त नाव देणारा हाच लेखक. कथेची भाषा आणि प्रमाणाची भाषा यांतील सीमा त्याने पुसली नाही.

या विवेकाची गरज आज अधिक आहे. जुलै 2024 मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ या यानाने मंगळावरील एका प्राचीन नदीपात्राच्या कडेच्या खडकाचा नमुना घेतला. त्यातील ठिपके आणि खनिजे यांना सप्टेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ‘जीवाची संभाव्य खूण’ म्हटले आहे. अशी खनिजे जीवाविनाही घडू शकतात, म्हणून ‘संभाव्य’ हे विशेषण तेथे अलंकार नाही; त्या विधानाचा कणाच ते आहे. ते गाळणारा अनुवाद ‘कानाली’चा ‘कॅनॉल’ पुन्हा करतो.

आणि यासाठी मराठीजवळ शब्दांची वाण नाही. जीवाणू, जीव, जीवसृष्टी, वस्ती ही चढती श्रेणी आपल्यापाशी तयार आहे. प्रत्येक पायरी पुराव्यानेच चढावयाची, एवढे पथ्य हवे. विजयनगरजवळच मानसगंगोत्रीत भारतीय भाषा संस्थान आहे. तेथून राष्ट्रीय अनुवाद अभियान ज्ञानग्रंथ भारतीय भाषांत आणते. इंग्रजी न वाचणाऱ्या वाचकाला विज्ञान भेटते ते अनुवादातच. मूळ ताडून पाहण्याची सोय त्याला नसते. म्हणून आपल्या समीक्षेने ललित अनुवादाइतक्याच कसोशीने शास्त्रीय अनुवादाचीही परीक्षा केली पाहिजे. मंगळावर जीव सापडो वा न सापडो, तो आपल्या शब्दांनी तेथे नेऊन सोडलेला नसावा.