मतपेटीतला न्याय : यशपाल यांची ‘झूठा सच’

फाळणीवरील वाङ्मयात रक्तपाताची वर्णने पुष्कळ आहेत. रक्तपात थांबल्यानंतरचा हिशेब मात्र फार थोड्या लेखकांनी मांडला आहे. दंगल काही दिवसांत विझते. निर्वासिताचे आयुष्य त्यानंतर सुरू होते आणि ते छावणीच्या दाराशी, घरवाटपाच्या कचेरीत, कोणाच्या तरी शिफारसपत्रावर आणि कोणा अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर पुढे सरकते. हा दुसरा, वरवर रुक्ष वाटणारा भाग कादंबरीचा विषय होऊ शकतो हे ज्यांनी ओळखले, त्यांत हिंदी कादंबरीकार यशपाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या ‘झूठा सच’चा पहिला खंड ‘वतन और देश’ १९५८ साली आणि दुसरा ‘देश का भविष्य’ १९६० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडातले लाहोर वाचकाला झपाटून टाकते. दुसऱ्या खंडाकडे मन तितके ओढले जात नाही. तथापि सरकारी नोकरीत हयात घालविणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा खंड दुसराच होय. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो मुख्यतः त्याचा.

निर्वासित हा शब्द मराठी माणसाला अगदीच परका नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे येऊन उतरली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले, हे आपण जाणतो. दिल्लीत बदली होऊन आलेल्यांनी तर राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर या वसाहती शेजार म्हणून अनुभवल्या आहेत. शेजाऱ्याने कोष्टकाच्या पलीकडचे कधी सांगितले नसेल. किती खोल्या होत्या, किती मिळाल्या, दावा किती रुपयांचा मंजूर झाला, एवढेच आपल्या कानी आले असेल. जे त्याने सांगितले नाही ते या कादंबरीत आहे.

कथेचा प्रारंभ लाहोरमधील भोला पांधे की गली या बोळात होतो. घरातील म्हातारीचे निधन, बायकांचा छाती पिटून केलेला शोक, त्या शोकातही चालणारी शेजारणींची कुजबुज, यांतून एक अख्खी वस्ती उभी राहते. जयदेव पुरी हा होतकरू लेखक आणि तारा ही त्याची बहीण. तारेचे मन असद या मुसलमान विद्यार्थ्याकडे ओढलेले आहे; घरचे तिचे लग्न सोमराज नावाच्या उर्मट तरुणाशी लावून देतात. पहिल्याच रात्री नवरा तिला मारहाण करतो आणि त्याच रात्री दंगलखोर त्या घराला आग लावतात. तारा गच्चीवरून निसटते, ती गुंडाच्या हाती सापडण्यासाठी. माहेरी मात्र ती जळून मेली अशी समजूत होऊन बसते. पुढे इतर पळविलेल्या स्त्रियांबरोबर तिची सुटका होते आणि ती सरहद्द ओलांडते. तिच्याबरोबरची बंती आपले घर शोधून काढते. घरचे तिला आत घेत नाहीत. ती उंबरठ्यावर डोके आपटून प्राण सोडते. तारा हे पाहते आणि कोणाच्याही दाराशी जावयाचे नाही असे ठरविते.

दुसऱ्या खंडातली तारा दिल्लीत आहे. पडेल ते काम करीत, शिक्षणाच्या बळावर ती केंद्रीय सचिवालयात अधिकारी होते. इकडे जयदेव पुरी जालंधरला पोचतो. तिथे सूदजी नावाचे काँग्रेसचे पुढारी आहेत. निघून गेलेल्या एका मुसलमान मालकाचा छापखाना त्यांच्या कृपेने पुरीच्या ताब्यात येतो. छापखान्यापाठोपाठ वृत्तपत्र येते, वृत्तपत्रापाठोपाठ प्रतिष्ठा, आणि प्रतिष्ठेपाठोपाठ राजकारण. एके काळी उपाशी पोटी तत्त्वाला चिकटून राहणारा तरुण पाहता पाहता सूदजींचा माणूस होतो.

यशपालांचे खरे सामर्थ्य या चित्रणात आहे. सूदजी हे नाटकातले खलपुरुष नव्हेत. ते तुरुंगात गेलेले आहेत. दारी आलेल्या निर्वासिताला ते खरोखर मदत करतात. पण त्यांच्या मदतीत हक्क कोणालाच मिळत नाही, मिळते ती मेहरबानी. निर्वासितांच्या मालमत्तेचा १९५० चा कायदा ज्यांनी राबविला त्यांना हे सहज पटेल. त्या कायद्याने कस्टोडियनच्या हाती अफाट अधिकार दिला आणि त्याच्या निर्णयांना दिवाणी न्यायालयांचे दार बंद केले. असा अधिकार प्रामाणिक हातांत असला तरी त्याच्याभोवती शिफारस करणारांची गर्दी जमतेच. ज्या हाताने छापखाना देता येतो, त्याच हाताने तो काढूनही घेता येतो. आणि घेणाऱ्याला हे ठाऊक असल्यामुळे काढून घेण्याची वेळ सहसा येत नाही. पुरीची अधोगती या एका वाक्यात सांगता येईल. ती सांगण्यासाठी यशपालांनी शेकडो पाने घेतली, कारण माणूस एका दिवसात विकला जात नाही, हेही त्यांना सांगावयाचे होते.

तारा डॉक्टर प्राणनाथ या अर्थशास्त्रज्ञाशी लग्न करते. नाथ सरकारात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि सूदजींना ते डोईजड झाले आहेत. मग एक तक्रार पुढे येते: तारा ही सोमराजची विवाहित पत्नी आहे, सबब तिचा दुसरा विवाह बेकायदेशीर असून दोघेही नोकरीस अपात्र आहेत. जिने त्या नवऱ्याचे घर जळताना पाहिले, तिला दहा वर्षांनी त्याच घराची बायको म्हणून कागदावर परत ओढले जाते. जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की या कारस्थानात तिचा सख्खा भाऊ सामील आहे. लाहोरात तिच्यावर चालून आले ते अनोळखी गुंड होते. दिल्लीत चालून येते ती चौकशी. या दोन प्रसंगांची तुलना लेखक मुखाने करीत नाही. ती तो वाचकावर सोपवितो, आणि ही या ग्रंथातील सर्वांत मोठी संयमाची जागा आहे.

येथे एका ऐतिहासिक गोष्टीची आठवण होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदारयादीत लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख त्यांनी नोंदविली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्याचे नाकारले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. हा निर्णय कठोर होता. पण त्यामागचा विचार असा, की प्रजासत्ताकात मत द्यावयाचे ते स्वतःच्या नावाने. तारेवरील आरोपाचे मर्म नेमके याच्या उलट आहे. तिने मिळविलेले नाव, हुद्दा, स्वाक्षरी हे सर्व पुसून तिला पुन्हा ‘अमक्याची बायको’ करावयाचे, हाच त्या तक्रारीचा हेतू. ज्या राज्याने स्त्रीला नाव सांगावयास लावले, त्याच राज्याच्या कचेरीत तिचे नाव हिरावून घेण्याची खटपट चालते, ही विसंगती यशपालांनी अचूक हेरली आहे.

कादंबरी संपते ती १९५७ च्या निवडणुकीत. चौकशीचे सावट दूर होते, सूदजी निवडणुकीत आपटतात, आणि नाथांच्या तोंडून लेखक सांगतो की जनता मुकी नाही, देशाचे भवितव्य पुढाऱ्यांच्या मुठीत नसून तिच्या हाती आहे. हा शेवट वाचून छाती भरून येते. मराठी वाचकाला तर तो अधिकच ओळखीचा वाटावा. त्याच निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात बलाढ्य पक्षाला कसा धक्का दिला, हे आपण विसरलेलो नाही. परंतु छाती भरून येणे आणि मन पटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५७ साली लोकसभेच्या ४९४ जागांपैकी काँग्रेसने ३७१ जिंकल्या. म्हणजे किती सूदजी पडले आणि किती निवडून आले, हा प्रश्न उरतोच. समजा, जालंधरच्या मतदारांनी सूदजींना पुन्हा निवडून दिले असते. तर तारा दोषी ठरली असती काय? तिचे निर्दोषत्व मतांच्या मोजणीवर अवलंबून नाही आणि असताही कामा नये. मतपेटी सत्ताधाऱ्याला खाली खेचू शकते. एका माणसावर झालेला अन्याय पुसणे हे तिचे काम नव्हे. ते न्यायालयाचे काम आहे. आणि एवढ्या विस्तीर्ण ग्रंथात, एवढा अन्याय होत असताना, तारा आणि नाथ यांचा भरवसा न्यायालयावर बसलेला कोठे दिसत नाही.

याचे एक कारण लेखकाच्या चरित्रात सापडते असे मला वाटते. यशपाल हे भगतसिंगांच्या क्रांतिकारक संघटनेतले. १९३२ साली त्यांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना दीर्घ मुदतीच्या सक्तमजुरीवर पाठविले. १९३७ च्या निवडणुकीनंतर संयुक्त प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, आणि १९३८ साली त्यांची सुटका झाली ती त्या मंत्रिमंडळाच्या हातून. ज्याला न्यायासनाने तुरुंगात टाकले आणि मतपेटीने बाहेर काढले, त्याची श्रद्धा कोठे बसणार हे उघड आहे. तिला दोष देता येत नाही. मात्र ती श्रद्धा म्हणून ओळखली पाहिजे.

बरे, तारा न्यायालयात गेली असती तर तिला न्याय मिळालाच असता काय? याचे उत्तर त्या दशकातील निकालांतच शोधावे लागते, आणि ते सरळ नाही. पळविलेल्या व्यक्तींना परत मिळविण्यासंबंधीच्या १९४९ च्या कायद्याने, भारतात सापडलेल्या मुसलमान स्त्रियांना वॉरंटाशिवाय ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. छावणीतील त्यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्यास मज्जाव होता. तिला जावयाचे आहे की राहावयाचे आहे, याला कायद्यात स्थान नव्हते. पंजाबच्या उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाविरोधी ठरविला. १९५२ साली अजायब सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला; असे ताब्यात घेणे म्हणजे घटनेला अभिप्रेत असलेली ‘अटक’ नव्हे, असा निर्वाळा दिला. तो कायदा १९५७ पर्यंत अमलात राहिला. सरहद्दीच्या या बाजूला अशी एखादी ‘तारा’ असती, तर तिला न्यायालयानेही हात दिला नसता.

पण त्याच न्यायालयाने १९५४ साली मुंबई राज्यातून आलेल्या इब्राहिम वजीर मावत यांच्या प्रकरणात निराळी भूमिका घेतली. परवान्याच्या नियमांचा भंग केल्याच्या नुसत्या संशयावरून भारताच्या नागरिकाला देशाबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारने कायद्याने घेतला होता. तो न्यायालयाने बहुमताने रद्द ठरविला. आणि १९५७ साली, म्हणजे कादंबरी जिथे संपते त्याच वर्षी, खेमचंद प्रकरणात त्याने सांगितले की सरकारी नोकराला बडतर्फ करण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप त्याला कळले पाहिजेत, साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची आणि आपली बाजू मांडण्याची खरीखुरी संधी त्याला मिळाली पाहिजे. तारेला हवे होते ते एवढेच. न्यायालये कधी चुकली, कधी सावरली. पण त्यांच्यापुढे एकटा माणूस आपल्या एकट्याच्या बळावर उभा राहू शकत होता. त्याला बहुमताची गरज नव्हती. हे मोल यशपालांच्या दृष्टीतून निसटले, असे खेदाने म्हणावे लागते.

कलाकृती म्हणूनही दुसऱ्या खंडात उणिवा आहेत. नाथ इतके निष्कलंक आहेत की त्यांच्याविषयी आदर वाटतो, जिव्हाळा वाटत नाही. राजकीय चर्चा पानेच्या पाने चालतात आणि पात्रांच्या मुखातून लेखकाचा आवाज ऐकू येतो. पुरी मात्र शेवटपर्यंत जिवंत आहे. त्याचा तिरस्कार करता करता वाचक दचकतो, कारण आपणही कोठेतरी अशी एखादी चिठ्ठी स्वीकारली होती, हे त्याला आठवते.

या ग्रंथाचे आपल्यापुरते महत्त्व यातच आहे. मतपेटी पाच वर्षांनी उघडते; न्यायालयाचा निकाल लागावयास कधी त्याहूनही अधिक काळ जातो. या दोहोंच्या दरम्यान तारेचे भवितव्य एका टेबलावर पडलेले असते. वरून सूचना आलेली असते, खालून टिपण आलेले असते आणि मधे एक माणूस लेखणी हातात घेऊन बसलेला असतो. तो सूदजी नसतो, नाथही नसतो. तारेची फाईल त्याच्यासमोर आली असता त्याने काय लिहिले, याविषयी यशपालांनी फारसे सांगितलेले नाही. ते पान त्यांनी कोरे सोडले आहे. आणि ते भरण्याचे काम, वाचून झाल्यावर कचेरीत जाणाऱ्या आपल्यासारख्यांकडे राहते.