घनतेचे गणित आणि छायाचित्राची कला : इमर्सन यांच्या माघारीची समीक्षा

प्रास्ताविक : छायाचित्रण ही कला की केवळ यांत्रिक नोंद, हा वाद या माध्यमाइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये पीटर हेन्री इमर्सन यांनी १८८९ मध्ये ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात छायाचित्राच्या कलात्मकतेचा हिरिरीने पुरस्कार केला. मात्र अल्पावधीतच ‘द डेथ ऑफ नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ ही पुस्तिका काढून आपली भूमिका मागे घेतली. या माघारीमागील एक प्रमुख कारण म्हणजे फर्डिनांड हर्टर व व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड यांचे १८९० मधील संशोधन होय.

मापनाचे स्वरूप : या दोघांनी निगेटिव्हमधील काळेपणा संख्येत मांडला. पडलेल्या प्रकाशाचा दहावा भाग पार गेला तर घनता १, शंभरावा भाग गेला तर २, असे हे लॉगॅरिदमी माप आहे. एक्स्पोजरच्या लॉगॅरिदमसमोर घनता मांडल्यास मिळणाऱ्या वक्राच्या सरळ भागाचा चढ, म्हणजे गॅमा, हे कॉन्ट्रास्टचे माप ठरले. विकसनाचा काळ बदलला तरी घनतांचे परस्पर गुणोत्तर कायम राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

समीक्षा : छटांचे परस्परसंबंध छायाचित्रकाराच्या हाती नाहीत, असा अर्थ इमर्सन यांनी यातून घेतला. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. समजा, निगेटिव्हच्या दोन भागांची घनता ०.४ व ०.८ आहे आणि अधिक विकसनाने ती ०.६ व १.२ झाली. गुणोत्तर दोनच राहिले. परंतु फरक ०.४ वरून ०.६ झाला. परिणामी एका भागातून दुसऱ्याच्या सुमारे अडीचपट प्रकाश पार जात होता, तो आता चौपट जाऊ लागला. मुद्रणात डोळ्यांना जाणवतो तो हाच भेद. ज्या नियमाने इमर्सन यांचा विश्वास डळमळला, त्याच नियमात नियंत्रणाची वाट होती. अर्थात, विकसनाने संपूर्ण छटाश्रेणी ताणता वा आवळता येते, तिच्यातील एकच छटा सुटी बदलता येत नाही. एवढ्यापुरती त्यांची शंका रास्त होती.

अमेरिकेत १९४० च्या सुमारास अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी ‘झोन सिस्टिम’द्वारे ही वाट प्रशस्त केली : सावलीतील तपशिलानुसार एक्स्पोजर आणि उजळ भागानुसार विकसन.

निष्कर्ष : मापन निवड हिरावून घेत नाही, निवडीची कक्षा स्पष्ट करते. सावली किती गडद असावी, याचे उत्तर मात्र कोणतेही घनतामापक यंत्र देत नाही. तो निर्णय कलावंताचाच असतो, आणि इमर्सन यांच्या नजरेतून निसटले ते नेमके हेच.