जॉन हंटरचें उत्कीर्ण चित्र

प्रसिद्ध शस्त्रवैद्य व शारीरवेत्ता जॉन हंटर (१७२८–१७९३) याचें चित्र विल्यम शार्प यानें तांब्याच्या पत्र्यावर कोरून लंडन येथें सन १७८८ मध्यें प्रसिद्ध केलें. मूळ तैलचित्र सर जोशुआ रेनॉल्ड्स याचें, १७८६ सालचें. तैलचित्र तेवढें खरें, ठसा ही त्याची दुय्यम प्रत, असें रसिक मानतात. पोथ्यांच्या व्यवहारांत मुरलेल्या आमच्या वाचकांस हा न्याय एकाएकीं पटूं नये. रेनॉल्ड्सला रंगांचे नवनवे प्रयोग करण्याचा नाद होता. त्यामुळें हें चित्र पुढें काळवंडून फार खराब झालें. शार्पनें तें ताजें असतांना पाहिलें होतें. मूळ पोथी कसरीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं उतरून घेतलेली अशी ही प्रत आहे.

हंटर मेजाशीं बसला आहे. हातांत लेखणी आहे, परंतु दृष्टि कागदावर नाहीं. ती वर कोठेंतरी लागली आहे. जवळच उघड्या ग्रंथांत निरनिराळ्या प्राण्यांच्या कवट्या क्रमानें काढलेल्या आहेत. काच, कागद आणि त्वचा हे तिन्ही पदार्थ नुसत्या काळ्या रेघांनीं वेगळे दाखविणें सोपें नव्हे. शार्पला तें साधलें आहे.

त्या लेखणीकडे पाहून मात्र मन विषण्ण होतें. हंटरचीं हस्तलिखितें त्याचा मेहुणा एव्हरार्ड होम यानें सन १८२३ मध्यें जाळून टाकलीं. हंटरचा मदतनीस विल्यम क्लिफ्ट यानें कांहीं भाग आधींच नकलून ठेवला होता, म्हणून तेवढा वांचला. येथेंही नकलेनेंच लाज राखली!

आतां वरच्या कोपऱ्यांतील लोंबत्या अस्थिमय पायांविषयीं. ते चार्ल्स बर्न या महाकाय आयरिश मनुष्याचे होत. तो १७८३ सालीं वारला. आपला देह शारीरवेत्त्यांच्या हातीं पडूं नये, तो समुद्रांत सोडावा, अशी त्याची इच्छा होती. हंटरनें तो द्रव्य देऊन मिळविला. हा सांगाडा हंटरच्या संग्रहालयांत २०१७ पर्यंत मांडलेला होता. २०२३ मध्यें संग्रहालय पुन्हा उघडलें तेव्हां तो मांडण्यांतून काढला गेला. हंटरच्या थोरवीबद्दल आम्हांस शंका नाहीं; पण ते पाय त्याच्याविरुद्धची साक्ष आहेत, आणि शार्पनें ती लपविली नाहीं.

पुढील कित्येक लहान ठशांत केवळ हंटरचें मुख ठेवून बाकीचें गाळलें आहे. असा ठसा सुबक असला तरी आम्ही त्यास खंडित प्रतच म्हणूं. संग्राहकानें विकत घेतांना प्रथम तो वरचा कोपरा शाबूद आहे कीं चौकटीसाठीं कापला आहे, हें पाहावें.